तांबेकर वाडा ते कीर्तिमंदिर : मुलांना घेऊन बडोद्याच्या चित्रमय भिंती पाहताना

नाताळच्या सुट्टीत पुण्याहून आलेला सहा वर्षांचा भाचा, माझी दहा वर्षांची मुलगी आणि मी असे तिघे सकाळी पावणेनऊला लहरीपुरा दरवाजापाशी रिक्षातून उतरलो. हीच फेरी आम्ही मे महिन्यात एकदा करून पाहिली होती. पण त्या वेळी निघायलाच अकरा वाजले आणि मांडवीपर्यंत पोहोचेतो उन्हाने मुले इतकी थकली की तिथूनच परत फिरावे लागले. त्यामुळे जाणाऱ्यांना माझे पहिले सांगणे हेच आहे की ही फेरी नोव्हेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांत करावी आणि सकाळी लवकर निघावे.

जुन्या शहराच्या चार दिशांना लहरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडीगेट असे चार दरवाजे असून मधोमध मांडवी आहे. मुलांसोबत चारही पाहण्याचा आग्रह धरू नये, एक लहरीपुरा पुरेसा आहे. त्याच्या समोरचे १८९६ सालचे न्यायमंदिर आम्ही बाहेरूनच पाहिले. तिथून सूरसागराच्या काठाने दांडिया बाजाराकडे चालत जावे. वाटेत सेव उसळ खायची असेल तर ती इथेच उरकावी आणि मुलांचे हात स्वच्छ धुवावेत, कारण पुढे ज्या भिंती पाहायच्या आहेत त्यांना बोटाचा तेलकट डागही सोसणार नाही.

तांबेकर वाडा रावपुऱ्यात, मुख्य टपाल कचेरीच्या मागच्या बाजूला आहे. माझे बालपण दांडिया बाजारात गेले, आजोबांबरोबर पोस्टात असंख्य वेळा जाणे झाले, आणि तरीही वाड्याचा जिना मी प्रथम चढले ती लग्नानंतर, याची मला मनापासून खंत वाटते. रिक्षावाल्याला वाड्याचे नाव सांगून उपयोग होईलच असे नाही. मोठ्या पोस्टाजवळ उतरावे आणि गल्लीतल्या कोणालाही विचारावे. १८४९ ते १८५४ या काळात बडोद्याचे दिवाण असलेले भाऊ तांबेकर यांचे हे राहते घर. हा चार मजली लाकडी वाडा आता पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. जिना अरुंद आणि उभा असल्यामुळे लहान मुलाला पुढे ठेवून मोठ्याने मागून चढावे, आणि उतरताना मोठ्याने पुढे राहावे.

वरच्या मजल्यावरची एकोणिसाव्या शतकातली भित्तिचित्रे हा या फेरीचा गाभा आहे. रिकामी जागा जवळजवळ नाहीच: कृष्णलीला आहेत, पुराणकथा आहेत, मराठे आणि इंग्रज यांच्या लढाया आहेत. मोठ्यांनी इथे इतिहास सांगत सुटू नये. मी मुलांना एकेक कोरी वही आणि शिसपेन्सिल दिली होती व एवढेच म्हटले होते की प्रत्येकाने एकच चित्र निवडायचे, त्यासमोर बसायचे आणि त्यातली एकच वस्तू काढायची. भाच्याने लढाईतला घोडा निवडला. अर्ध्या तासात त्याने त्याचे पाय चार वेळा खोडले आणि शेवटी विचारले, "मावशी, हा पळतोय तर मग त्याचे सगळे पाय एकदम वर कसे?" हा प्रश्न त्याला पुस्तकातल्या चित्रावरून पडला नसता असे मला वाटते. रंगाचे पोपडे काही ठिकाणी निघालेले आहेत. म्हणून भिंतीला टेकू नये, फ्लॅश वापरू नये आणि छायाचित्र काढण्यापूर्वी तिथल्या रखवालदारांना विचारावे.

तिथून कीर्तिमंदिराकडे पुन्हा रिक्षा करावी. त्या रहदारीतून मुलांना चालवत नेण्यात काही अर्थ नाही. सयाजीराव महाराजांनी गायकवाड घराण्याच्या स्मृत्यर्थ १९३६ मध्ये ही वास्तू उभारली आणि पुढे नंदलाल बोस यांनी १९३९ ते १९४६ या काळात तिच्या चार भिंती रंगवल्या: गंगावतरण, मीरेचे जीवन, नटीची पूजा आणि महाभारताचे युद्ध. हे स्मृतिस्थान असल्याने मुलांना शांततेची कल्पना आधीच द्यावी. आत प्रवेश मिळेल का, याची चौकशी निघण्यापूर्वी करावी.

चारही भिंतींना सारखा वेळ देऊ नये. महाभारत मुलांना ठाऊक असते, ते ती आपली आपण पाहतात. खरी थांबण्याची जागा नटीच्या पूजेची भिंत आहे. राजाज्ञेने पूजा बंद झालेली असताना अपमान म्हणून स्तूपापुढे नाचायला लावलेली नर्तकी एकेक दागिना उतरवून टाकते, तिच्या अंगावर भिक्षुणीचे वस्त्र दिसते आणि तिथेच तिला मारले जाते, ही गोष्ट मी हलक्या आवाजात सांगितली. माझी मुलगी बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने वही उघडली आणि नर्तकीऐवजी फक्त जमिनीवर पडलेले एक कंकण काढले.

बाराच्या सुमारास आम्ही जवळच्या कमाटीबागेत आलो. फाटकाबाहेरचा सयाजीरावांचा अश्वारूढ पुतळा, म्हणजे आपला काळा घोडा, भाच्याने चारही बाजूंनी फिरून पाहिला आणि त्याचे पाय वहीतल्या घोड्याशी ताडून पाहिले. बागेत सावलीत बसून डबा खावा. पाणी घरूनच न्यावे. संग्रहालय त्याच दिवशी घेऊ नये, मुलांचे डोळे तोवर दमलेले असतात. मुले मोठी असतील तर विद्यापीठाच्या पुष्पबागेतला ललित कला विभाग बाहेरून तरी दाखवावा. १९५० मध्ये तो सुरू झाला आणि इंदूरचे ना. श्री. बेंद्रे यांनी तिथे चित्रकला शिकवली. राजवाड्याच्या आवारातल्या संग्रहालयातील राजा रविवर्म्याच्या चित्रांसाठी आम्ही दुसरी सकाळ राखून ठेवली आहे, कारण वहीची बरीच पाने अजून कोरी आहेत.