एका घरातून पाच हजारच: केनियाला जाण्याआधीची आमची वर्गणी

विमानाचं परतीचं तिकीट, विमा, लस, तिकडचा प्रवास अशी बेरीज माणशी लाखाच्या पुढे गेली, तेव्हा कोल्हापुरातल्या आमच्या चर्चच्या तरुण संघातले निम्मे चेहरे उतरले. सगळे कॉलेजातले. कुणाची आई नर्स, कुणाचे वडील उद्यमनगरात लेथवर. केनियातल्या एका मंडळीनं, म्हणजे तिथल्या एका चर्चच्या लोकांनी, आमच्या पाळकसाहेबांमार्फत (पाळक म्हणजे चर्चचे धर्मगुरू) बोलावलं होतं: ऑगस्टात तिथल्या शाळांना सुट्टी असते तेव्हा या, आमच्या तरुणांबरोबर मुलांसाठी बायबल शाळा चालवा, वर्गखोल्या रंगवायला हात लावा.

आमच्या मंडळीतल्या एका कारखानदार काकांनी पहिल्याच रविवारी निम्मा खर्च उचलायची तयारी दाखवली. आम्ही हरखलो. पाळकसाहेबांनी मात्र सांगितलं, ‘एका घरातून पाच हजारांच्या वर एक रुपया घ्यायचा नाही.’ तेव्हा हा शुद्ध हट्ट वाटला होता. मोठी देणगी बंद झाली म्हणजे घरोघर जाणं आलं, आणि घरोघर जाणं आलं म्हणजे प्रत्येक घरात तोच प्रश्न ऐकणं आलं.

तो प्रश्न पंचांच्या, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या, बैठकीत सगळ्यात रोखठोक आला. एक म्हातारे पंच म्हणाले, ‘हितं काम न्हाई व्हय रे? ऑगस्टात पंचगंगा चढली की पोरं लागत्यात, आनि तुमी नैरोबीत!’ २०१९च्या महापुरात शाहूपुरीत पाणी शिरलं होतं, तेव्हा ते स्वतः सामान उपसत होते. आम्ही बायबलमधली वचनं पाठ करून गेलो होतो. त्यातलं एकही पुढे करायची हिंमत झाली नाही. शेवटी ठरलं असं की जे जाणार नाहीत त्यांची पूरपथकं आधी बांधायची, नदीकाठच्या घरांची यादी करायची, आणि मगच तिकिटं काढायची. मला विचाराल तर तयारीतलं सगळ्यात उपयोगी काम हेच झालं.

वर्गणीच्या पत्रकासाठी जुनी माहिती शोधताना वाइल्डर कुटुंब नव्यानं भेटलं. वाइल्डर मेमोरियल चर्चवरून आम्ही रोज जातो, पण माहिती तेवढीच. रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२मध्ये कोल्हापुरात आले. पुढे त्यांना पाठवणाऱ्या संस्थेनं इथलं काम बंद केलं, तेव्हा त्यांनी ते काही वर्षं स्वतंत्रपणे, लोकांच्या देणग्यांवर चालवलं. १८७०मध्ये अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशननं ते हाती घेतलं. म्हणजे पत्रं लिहून पैसे मागणं आम्ही काही नवं करत नव्हतो. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३मध्ये कोल्हापुरातच जन्मला. १८८६मध्ये अमेरिकेत माउंट हर्मनला विद्यार्थ्यांचं शिबिर झालं, तिथं शंभर जणांनी परदेशी मिशनकार्याला जायची तयारी दाखवली, आणि त्यामागं धडपडणाऱ्यांत हा रॉबर्ट पुढे होता. हे पंचांना सांगितलं तर तेच म्हातारे म्हणाले, ‘म्हंजे ह्ये खूळ कोल्हापूरचंच की!’ आणि खिशातून पाचशेची नोट काढली.

खरी रक्कम जमली हंगामाच्या सणाला, म्हणजे पिकाबद्दल देवाचे आभार मानायच्या दिवशी. वेदीपुढं ऊस, भोपळे, गुळाच्या ढेपा, नारळ आणि पाय बांधलेला एक कोंबडा. उपासनेनंतर लिलाव. कोंबडा ज्यानं घेतला त्यानं तो परत दान केला, पुन्हा बोली, पुन्हा दान. कारखानदार काका तर पेटलेच. मग पंचांत वाद: लिलावाची बोली पाच हजारांच्या मर्यादेत धरायची की नाही? पाळकसाहेबांनी हसत निकाल दिला, ‘लिलाव वेगळा.’ बिचाऱ्या कोंबड्याला संध्याकाळपर्यंत मालक मिळेना.

मिसळीचा रविवारही केला. महिला मंडळाचा कट, आमची वाढप. कूपनावर पैसे कशासाठी हे स्पष्ट छापायचं, असा माझा आग्रह होता, कारण निम्मी कूपनं कॉलेजातले हिंदू, मुसलमान मित्र घेणार होते. एका मित्राचे वडील म्हणाले, ‘तुमचं ते परदेशी जाऊन धर्माचं काम मला पटत नाही. चार कूपनं दे.’ असा माणूस मला गोड बोलून टाळणाऱ्या दहा जणांपेक्षा बरा वाटतो.

चर्चच्या ट्रस्टमधून उचल घ्यायचा विचार खजिनदारांनी मोडून काढला. धर्मादाय ट्रस्टनं भारताबाहेर खर्च केला तर करसवलतीसाठी वेगळी मंजुरी लागते, त्या भानगडीत ते पडणार नव्हते.

कागदपत्रांत पासपोर्टनं वेळ खाल्ला. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी असतं, अर्जात नाव आणि आडनाव वेगळ्या रकान्यांत. आधार, मार्कशीट, बाप्तिस्म्याचा दाखला यांत एकाच पोरीची तीन नावं निघाली. पिवळ्या तापाची लस मुंबईला जाऊन घेतली. तिचं प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं, त्यामुळे ती शेवटच्या आठवड्यावर ढकलता येत नाही. आणि ते नसेल तर परतल्यावर भारतात सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. नैरोबी साधारण सतराशे मीटर उंचीवर, ऑगस्टात तिथं गारठा असतो हे कळल्यावर मावश्यांनी लोकरीचे गुंडे काढले. आफ्रिकेला स्वेटर घेऊन चाललोय यावर घरी कुणाचा विश्वास बसेना.

शनिवारी संध्याकाळी सराव असायचा: गाणी, मुलांचे खेळ, आणि प्रत्येकाची तीन मिनिटांची साक्ष, म्हणजे आपल्या श्रद्धेचा अनुभव चारचौघांत सांगणं. साक्ष देताना आम्ही सगळेच प्रवचनकार होतो, हे पाळकसाहेबांनी अनेकदा थांबवून दाखवलं.

हिशेब दर महिन्याला चर्चच्या फलकावर लागायचा आणि उपासनेपेक्षा तिथं जास्त गर्दी व्हायची. कुणी किती दिले हे लिहायचं नाही, कुठं गेले तेवढंच. लसीच्या दिवशी मुंबईत खाल्लेल्या वडापावचंही बिल खजिनदारांनी मागितलं. वडापाववाला बिल देत नाही म्हटल्यावर ती रक्कम आमच्याकडूनच वसूल झाली.