पाचोळा, पाचट की खडी? घरच्या बागेचं आच्छादन

आच्छादन म्हणून, म्हणजे माती झाकायला, नर्सरीत मिळणाऱ्या लाल-तपकिरी रंगवलेल्या लाकडी चिप्स दिसायला झकास असतात, पण परसबागेला त्यांची गरज क्वचितच पडते. आपल्याकडचं उत्तम आच्छादन म्हणजे पाचोळा, आणि तो रोज सकाळी सोसायटीच्या आवारातून झाडून कचऱ्यात जातो. तो कुठल्या झाडाचा आहे, एवढं मात्र बघून घ्यायला हवं.

वर्षावृक्ष, गुलमोहर, सुबाभूळ यांची पर्णिका बारीक. ती जशीच्या तशी पसरली तरी चालते, पाणी आणि हवा खाली जात राहते. आंबा, फणस, वड यांचं पान जाड आणि चिवट. ओलं झालं की एकावर एक चिकटून पापुद्रा बसतो आणि पाणी वरच्या वर ओघळून जातं. सागाचं पान तर थाळीएवढंच. अशी पानं कडक वाळू द्यायची आणि गोणीत भरून पायांनी तुडवायची. निलगिरीचा पाला ताजा वापरू नका, त्याने कोवळ्या रोपांची वाढ खुंटते. तीन-चार महिने ढिगात कुजवून मग घ्या.

चुरलेल्या पाचोळ्याचा थर ३ इंच लागतो. १० फूट बाय १० फूट वाफ्याला म्हणजे २५ घनफूट. धान्याची ५० किलोची गोणी सव्वादोन घनफुटांची धरली, तर अकरा गोण्या झाल्या. ऐकायला जास्त वाटतात, पण थर महिन्या-दोन महिन्यांत निम्म्यावर बसतो, त्यामुळे आणखी चार बाजूला ठेवलेल्या बऱ्या.

उसाचं पाचट, म्हणजे वाळलेली पानं, मिळत असेल तर सुटं ६ इंच पसरा, दबून अडीच-तीन इंच राहतं. रसवंतीतली चिपाडंही चालतात, फक्त आधी पाण्यातून काढून चार दिवस उन्हात वाळवा, नाहीतर मुंग्यांची जत्रा भरते. पाचट, पेंढा, भुसा यांत कर्ब भरपूर आणि नत्र अगदी कमी. ते मातीवर पडून असेल तोवर फारसं बिघडत नाही. खुरपणी करताना मातीत मिसळलं गेलं, की कुजवणारे जिवाणू मातीतलं नत्र स्वतःसाठी उचलतात आणि रोपं पिवळी पडतात. म्हणून थर देण्याआधी दर १० चौरस फुटांना दोन मुठी निंबोळी पेंड टाका, आणि नंतर ते खाली-वर करू नका. भुसा वखारीतला, साध्या लाकडाचा घ्या. प्लायवुडच्या भुशात रासायनिक गोंद असतो. साध्या भुशाचाही थर एक इंचाच्या वर नको, कारण बारीक भुशाची पोळी बनते.

खडी आणि गारगोटे अडेनियम, निवडुंग आणि पायवाटेपुरते ठीक. विदर्भातल्या उन्हात काळी खडी संध्याकाळनंतरही धग सोडत राहते, आणि मोगऱ्याच्या आळ्यात ती घालणं म्हणजे त्याला तव्यावर बसवणं. शिवाय पाचोळा पडून वर माती साचली की तिच्यात तण उगवतंच, मग खडीतून ते उपटत बसा.

आच्छादन कोरड्या मातीवर घालायचं नाही, ही चूक सर्रास होते. कोरडी माती झाकली, तर वरून दिलेलं थोडं पाणी पाचोळाच पिऊन टाकतो. आधी भरपूर पाणी द्या, वाफसा येऊ द्या, म्हणजे जादा पाणी निचरून मातीत ओल आणि हवा दोन्ही राहू द्या, मग झाका. नैसर्गिक शेतीचे प्रसारक सुभाष पाळेकर यांच्या शेतीपद्धतीत आच्छादन आणि वाफसा ही सूत्रं जोडीने येतात, ती उगाच नाही. पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरच्या उन्हाआधी एकदा आणि फेब्रुवारीत एकदा थर द्यावा. ठिबक असेल तर नळी थराखाली घ्या. मेथी-कोथिंबिरीचं बी पेरलेल्या वाफ्यावर रोपं तीन-चार इंच होईपर्यंत काही पसरू नये.

खोडाला टेकवून ढीग करणं सगळ्यात महागात पडतं. साल सतत ओली राहते, बुरशी लागते आणि पपई बुंध्यापाशी कुजून आडवी होते. खोडाभोवती ४ इंच जागा मोकळी हवी. घराची भिंत आणि लाकडी चौकट यांच्यापासून किमान एक फूट अंतर ठेवा. वाळवीला कोरडं, न हललेलं पाचट फार आवडतं.

कोकणात गणित वेगळं. तिथल्या पावसात जाड थराखाली माती घुसमटते आणि गोगलगायींना आयतं घर मिळतं. मृगाआधी थर ओढून खतखड्ड्यात टाका, उतारावर माती वाहू नये म्हणून इंचभर राहू द्या. नारळाची सोडणं आळ्यात रचणार असाल, तर फुगीर बाजू वर करा. उताणी ठेवलीत तर प्रत्येकात पाणी साचून डासांची पैदास होते.

लव्हाळा या चिवट तणापुढे मात्र यातलं काहीच टिकत नाही. त्याचा टोकदार कोंब प्लास्टिकच्या मल्चिंग पेपरलासुद्धा भोक पाडून वर येतो. आधी गाठींसकट खणून काढा, दोन आठवडे थांबा, पुन्हा उगवलेला काढा, आणि मगच वाफा झाका.