डब्लिनच्या दुकानातलं परराष्ट्र धोरण

मे २०२४ मधली गोष्ट. बाबांचा सांगलीहून फोन आला, तोही रविवार नसताना, म्हणून आधी पोटात गोळाच आला. पण काळजीचं काही नव्हतं. "अगं, तुमच्या आयर्लंडने पॅलेस्टाईनला मान्यता दिलीय म्हणे. पेपरात आलंय." मी इथे येऊन आठ वर्षं झाली तरी बाबा 'तुमचं आयर्लंड' असं जरा टोचूनच म्हणतात. मग पुढचा प्रश्न, "लोकसंख्या किती गं त्यांची?" म्हटलं, पन्नास लाखांच्या थोडी वर. "म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याच्या जेमतेम निम्मी! आणि निघालेत जगाला शहाणपण शिकवायला. आपण तर १९८८ सालीच दिली होती मान्यता, एवढा गाजावाजा न करता."

त्या वेळी मला उत्तर सुचलं नाही. नॉर्वे आणि स्पेनबरोबर आयर्लंडनेही २८ मे रोजी मान्यता दिली, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये इस्रायलने डब्लिनमधला आपला दूतावास बंद करायचं जाहीर केलं, एवढं मलाही बातम्यांवरून ठाऊक होतं. पण पन्नास लाखांच्या देशाला दूरच्या भांडणांत एवढा रस का, हे बातम्यांतून कळत नाही. ते मला कळलं शेजारच्या आजोबांकडून.

आजोबा हे आमच्या घरातलं नाव. इथे ऐंशीच्या माणसालाही नुसत्या नावाने हाक मारतात, माझी मात्र अजून जीभ वळत नाही. तर आजोबा सैन्यात होते आणि ऐंशीच्या दशकात दोनदा दक्षिण लेबनॉनमध्ये जाऊन आले, संयुक्त राष्ट्रांची निळी टोपी घालून. त्यांच्या बैठकीच्या खोलीत, टीव्हीच्या वर, तिबनीन गावाचा एक फोटो आहे: टेकडीवर जुना किल्ला आणि खाली चौकटी चौकटींची घरं. तिथली पोरं आयरिश सैनिकांच्या अवतीभवती वाढली आणि इंग्रजी बोलायला लागली ती थेट आयरिश हेल काढून. आजोबा ती नक्कल अशी करतात की चहा नाकात जातो.

आयर्लंडचे सैनिक १९५८ पासून संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत आहेत, त्यात आजवर खंड पडलेला नाही. लेबनॉनमध्ये ते १९७८ पासून. तिथे पंचेचाळीसहून जास्त आयरिश जवानांनी प्राण गमावले. डिसेंबर २०२२ मध्ये शॉन रूनी हा तेवीस-चोवीस वर्षांचा जवान तिथे गोळीबारात मारला गेला, तेव्हा आमच्या गल्लीत दोन दिवस मोठ्याने कुणी बोललं नाही. आपल्याकडे सातारा-कोल्हापूरच्या गावात जवानाचं पार्थिव येतं तेव्हा सगळा गाव गोळा होतो. इथे तर अख्खा देशच एका गावाएवढा. प्रत्येकाचा कुणी ना कुणी चुलतभाऊ, नाहीतर शाळेतला मित्र, लेबनॉनला जाऊन आलेला. (भारताचीही तुकडी त्याच भागात १९९८ पासून आहे, हे आजोबांनीच मला सांगितलं. मला माहीत नव्हतं, हे कबूल करायला जरा लाज वाटली.) आता सुरक्षा परिषदेने ही मोहीम २०२६ च्या अखेरीस थांबवायचं ठरवलंय. आजोबांना ते मुळीच पटलेलं नाही, पण त्या विषयावर ते दोन वाक्यांपलीकडे जात नाहीत.

लेबनॉनचं मी समजू शकते, ते सरकारचं काम. पण आजोबांची बायको एकदा म्हणाली, "खरं परराष्ट्र धोरण बघायचं तर हेन्री स्ट्रीटला जा."

हेन्री स्ट्रीट म्हणजे डब्लिनचा लक्ष्मी रोड म्हणा ना. दिवाळीआधी मी तिथेच पणत्यांना पर्याय म्हणून काचेच्या वाट्या शोधत फिरते. त्या रस्त्यावर डन्स स्टोअर्सचं दुकान आहे. १९ जुलै १९८४ रोजी तिथल्या गल्ल्यावर बसलेल्या मेरी मॅनिंग नावाच्या मुलीसमोर एका गिऱ्हाइकाने ग्रेपफ्रूट ठेवली. पपनसाच्या जातकुळीतलं ते फळ. वर्णभेदवाल्या दक्षिण आफ्रिकेतून आलेलं. कामगार संघटनेचा ठराव होता की तिथला माल हाताळायचा नाही. मेरी म्हणाली, मी याचं बिल करणार नाही. तिला निलंबित केलं. तिच्याबरोबरचे सहकारी बाहेर पडले, बहुतेक विशीतल्या पोरी. पुढे सगळे धरून अकराजण झाले.

मला यात सगळ्यात आवडतं ते हे की सुरुवातीला त्यांना दक्षिण आफ्रिकेबद्दल फारसं काही माहीत नव्हतं. संघटनेने सांगितलं म्हणून केलं, चारसहा दिवसांत मिटेल असं वाटलं. मग देशाबाहेर राहावं लागलेला एक दक्षिण आफ्रिकन कार्यकर्ता, निमरॉड सेजाके, त्यांच्या धरण्यात येऊन उभा राहायला लागला आणि तिथे काय चाललंय ते सांगायला लागला. पोरी ऐकत गेल्या आणि हट्टाला पेटल्या. चारसहा दिवसांचा संप जवळजवळ तीन वर्षं चालला. हातात संघटनेचे आठवड्याला २१ पौंड. येणारे-जाणारे सगळेच कौतुक करत होते असंही नाही. शिव्या खाल्ल्या, टोमणे खाल्ले. १९८५ मध्ये तिथले वर्णभेदविरोधी धर्मगुरू डेस्मंड टुटू यांच्या निमंत्रणावरून त्या दक्षिण आफ्रिकेला निघाल्या, तर जोहान्सबर्गच्या विमानतळावरूनच त्यांना परत पाठवलं. तेव्हा कुठे आयरिश सरकारला जाग आली. १९८७ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या फळं-भाज्यांवर आयात बंदी घातली गेली.  १९९० मध्ये मंडेला डब्लिनला आले तेव्हा या संपकऱ्यांना भेटले.

हे बाबांना फोनवर सांगितलं. बाबा म्हणाले, "आपण १९४६ मध्येच दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला होता." बरोबर आहे. भारत यात चाळीस वर्षं पुढे होता. पण तो निर्णय दिल्लीत झाला होता, आणि हा बिलाच्या गल्ल्यावर. फरक तेवढाच, पण मला तो मोठा वाटतो.

ही सवय घराघरात कशी मुरते ते आमच्या लेकामुळे कळलं. ईस्टरच्या आधीच्या उपवासाच्या दिवसांत तो शाळेतून पुठ्ठ्याची चपटी घडी घेऊन आला. उलगडली की पेटी होते, वर नाणी टाकायची खाच, बाजूला दूरच्या देशातल्या एखाद्या घराचा फोटो. 'ट्रोकरे' या संस्थेची दानपेटी. आयरिश भाषेत ट्रोकरे म्हणजे करुणा. १९७३ पासून ही पेटी इथल्या स्वयंपाकघरांत येतेय. चाळीस दिवस ओट्याजवळ पडून असते. कुणी चॉकलेट सोडतं, त्याचे पैसे पेटीत. माझ्या सासूबाईंनी ती पाहिली तेव्हा आधी नमस्कार केला, मग विचारलं देव कुठलाय.

आणि या सगळ्याच्या तळाशी १८४५ चा दुष्काळ आहे. बटाट्यावर रोग पडला, आणि त्याच काळात धान्य मात्र जहाजं भरभरून इंग्लंडला जात राहिलं. सुमारे दहा लाख माणसं मेली, त्याहून अधिक देश सोडून गेली. १८४७ मध्ये अमेरिकेतल्या चॉक्टॉ आदिवासींनी, स्वतः देशोधडीला लागलेले असताना, आयर्लंडला वर्गणी पाठवली. कॉर्कजवळ मिडलटनला त्यांच्या स्मरणार्थ स्टीलची उंच पिसं उभी केली आहेत. २०२० च्या साथीत आयरिश लोकांनी अमेरिकेतल्याच नवाहो आणि होपी आदिवासींसाठी मदतीचा ढीग केला, तो हे ऋण फेडण्याच्या भाषेत.

आता हे वाचून कुणी आयर्लंडची आरती ओवाळू नये. मीही ओवाळत नाही.

एक तर हा शहाणपणा पुष्कळसा स्वस्तातला आहे. आयर्लंड नाटोत नाही, स्वतःला तटस्थ म्हणवतो, पण त्याच्याकडे एक लढाऊ जेट विमान नाही आणि संरक्षणावरचा खर्च उत्पन्नाच्या मानाने युरोपीय संघात सगळ्यात कमी. जानेवारी २०२२ मध्ये रशियाने कॉर्कच्या किनाऱ्यापासून २४० किलोमीटरवर नौदलाचा सराव जाहीर केला. तेव्हा पुढे कोण आलं, तर मच्छीमार! आम्ही आमच्या नेहमीच्या जागी जाळी टाकणार, असं सांगून त्यांनी रशियाच्या राजदूताची भेट घेतली आणि रशियाने जागा बदलली. देशाने हे हसत हसत साजरं केलं. आजोबा हसले नाहीत. "नौदल कुठे होतं, ते कुणी विचारत नाही," म्हणाले.

दुसरं, तटस्थ देशाच्या शॅननच्या विमानतळावर गेली वीस-बावीस वर्षं अमेरिकेचे लाखो सैनिक विमान थांबवून गेलेत. २००३ मध्ये इराक युद्धाविरुद्ध डब्लिनच्या रस्त्यांवर लाखभर माणसं उतरली, आणि विमानं थांबतच राहिली. कारण माझ्या पगाराच्या पावतीवर आहे. मी औषधांच्या एका अमेरिकी कंपनीत काम करते, आमच्या उपनगरातली निम्मी घरं अशाच कंपन्यांवर चालतात. म्हणून पॅलेस्टिनी भूमीवरच्या इस्रायली वसाहतींतल्या मालावर बंदी घालणारं विधेयक खासदार फ्रान्सेस ब्लॅक यांनी २०१८ मध्ये मांडलं, तरी ते रेंगाळत राहिलं. तिथून येणारा माल अगदी किरकोळ, पण वॉशिंग्टन काय म्हणेल ही धास्ती मोठी. ग्रेपफ्रूटच्या वेळी अमेरिकी कंपन्या एवढ्या नव्हत्या.

तिसरं घरचं आहे. ज्या देशाने जगाला मानवाधिकार सांगितले, त्याच देशात २०१२ मध्ये बेळगावच्या सविता हलप्पनवारचा जीव गेला, गर्भपात वेळेवर करायला कायदा आड आला म्हणून. मी इथे आले तेव्हा ऑफिसमध्ये तिचं नाव सगळ्यांना पाठ होतं. २०१८ च्या सार्वमतात ६६ टक्के लोकांनी राज्यघटनेतलं ते गर्भपातबंदीचं कलम काढून टाकलं. त्या दिवशी डब्लिनमधल्या भिंतीवरच्या तिच्या चित्रापाशी लोकांनी चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या, त्यांतल्या कित्येकांवर एकच शब्द होता, 'सॉरी'. (त्याच बेळगावात एप्रिल १९१६ मध्ये टिळकांनी होमरूल लीग काढली, 'होमरूल' हा शब्दच आयर्लंडकडून उसना घेऊन, आणि अगदी त्याच आठवड्यात डब्लिनमध्ये इंग्रजांविरुद्धचा ईस्टरचा उठाव चालू होता. हे कुणाला सांगितलं की इथले लोक डोळे मोठे करतात.)

आणि २०२५ चा उन्हाळा. जुलैमध्ये डब्लिनच्या टॅला उपनगरात एका भारतीय माणसाला मारहाण करून त्याचे कपडे उतरवले गेले. मग एकामागून एक बातम्या, भारतीय दूतावासाची सूचना की निर्जन जागी जाऊ नका. आमच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर गणपतीची वर्गणी सोडून सगळे बसच्या वेळांवर बोलत होते. गाझासाठी निघणारे मोर्चे मी खिडकीतून पाहत होते आणि मनात येत होतं, आमच्यासाठी कोण येणार? आले, नाही असं नाही. बऱ्याच लोकांनी आमच्या बाजूने मोर्चा काढला. पण माझ्या दाराशी आले ते आजोबा. गुडघा दुखत असताना, काठी घेऊन. नवऱ्याची रात्रपाळी असते हे त्यांना माहीत होतं. म्हणाले, "थांब्यापर्यंत मी येतो. तसंही मला झोप येत नाही." तीन आठवडे ते येत होते. नवरा म्हणतो, वाटेत ते फक्त तिबनीनबद्दल बोलायचे.

परवा बाबांचा पुन्हा फोन. "ते वसाहतींच्या मालाचं विधेयक झालं का गं मंजूर तुमचं?"

म्हटलं, नाही अजून. फक्त मालावर बंदी घालायची की सेवांवरही, यावर अडलंय. कमिटीचा अहवाल आलाय, चर्चा चालू आहे.

"अस्सं," बाबा म्हणाले. मग थोडं थांबून, पहिल्यांदाच 'तुमचं' न म्हणता, "म्हणजे आपल्यासारखंच."