खर्चाची तुलना: क्ष धरण्याआधी आणि क्ष सापडल्यावर

खर्चाच्या तुलनेचं शाब्दिक उदाहरण आलं की मी लगेच क्ष धरत नाही. आधी शेवटचं वाक्य वाचतो. ‘खर्च सारखा केव्हा होईल?’ असं विचारलंय, की ‘कोणतं स्वस्त पडेल?’ पहिल्या प्रश्नाला एक संख्या पुरते. दुसऱ्यात ती संख्या मिळाल्यावर खरं काम सुरू होतं, आणि बरेच जण नेमके तिथेच पेन खाली ठेवतात.

समजा भाड्याच्या दोन गाड्या आहेत. पहिलीचं ठरावीक भाडं ६००, वर दर किलोमीटरला १४. दुसरीचं ठरावीक १०००, वर किलोमीटरला ९. मी दोन रकाने आखतो: ‘एकदाच द्यायचं’ आणि ‘मोजून द्यायचं’. उदाहरणातला प्रत्येक आकडा यातल्या एकात बसवून पाहतो. परत मिळणारी अनामत दिली असेल तर ती कुठेच बसत नाही, कारण तो खर्चच नाही. ती खोडून टाकतो. क्ष म्हणजे ‘अंतर’ एवढंच लिहून भागत नाही, ‘गाडी धावली ते किलोमीटर’ असं एककासकट लिहितो.

६०० + १४क्ष = १००० + ९क्ष
५क्ष = ४००
क्ष = ८०

हे तोंडीही होतं. दुसऱ्या गाडीला सुरुवातीला ४०० जास्त मोजले, ते दर किलोमीटरमागे ५ असे वसूल होतात. ८० किलोमीटरला हिशेब फिटला. दोन्हीकडे १७२०.

आता स्वस्त कोणती? ८० च्या अलीकडची एक आणि पलीकडची एक संख्या घालून बघतो. ५० ला १३०० आणि १४५०, १०० ला २००० आणि १९००. म्हणजे ८० च्या आत पहिली, पुढे दुसरी. असमानताच (बरोबरऐवजी ‘पेक्षा कमी’ किंवा ‘पेक्षा जास्त’ चिन्हाची मांडणी) सोडवायची असेल तर मोठा सहगुणक, म्हणजे क्षला गुणणारी संख्या, असलेल्या बाजूला क्ष ठेवतो, म्हणजे ऋण संख्येने भागून चिन्ह उलटवायची वेळच येत नाही.

दोन्ही दर सारखे असले की क्ष उडून जातो आणि ६०० = १००० असलं काहीतरी उरतं. खोडायची घाई करू नये. आलेखावर त्या समांतर रेषा आहेत, एक गाडी कायमच स्वस्त. (बरोबरचं चिन्ह वेल्सच्या रॉबर्ट रेकॉर्ड या गणितज्ञाने १५५७ मध्ये दोन समांतर रेघांचं केलं, त्यांच्याइतकं सारखं दुसरं काही नाही म्हणून. इथे मात्र समांतर रेषा म्हणजे खर्च कधीच सारखा न होणं!)

सगळ्यात फसवी चूक एककांची. दुसऱ्या गाडीचा दर ‘दर १०० मीटरला ०.९०’ असा दिला आणि तो तसाच घातला, तर १३.१क्ष = ४००, क्ष सुमारे ३०.५. उत्तर चांगलं साळसूद दिसतं. त्याच समीकरणात घालून ताळा केला तर तोही जुळतो, कारण चूक समीकरणातच आहे. म्हणून ताळा समीकरणावरून न करता उदाहरणातली वाक्यं पुन्हा वाचून करतो: ३०.५ किलोमीटर म्हणजे १०० मीटरचे ३०५ टप्पे, त्यांचे २७४.५०, अधिक १०००. पहिलीचे होतात १०२७. जुळत नाही.

दुसरा सापळा ‘पहिले ५० किलोमीटर मोफत’ हा. दुसऱ्या गाडीला ही सवलत असेल तर तिचा खर्च १००० + ९(क्ष − ५०), म्हणजे ५५० + ९क्ष. पहिलीशी बरोबर केलं की क्ष = −१०. इथे ‘उत्तर नाही’ लिहून मोकळं होणं चूक. ५५० + ९क्ष ही राशी ५० पासून पुढेच खरी आहे. त्याच्या आत दुसरीचा खर्च सपाट १०००. तिथे ६०० + १४क्ष = १००० मांडलं की क्ष = २८ ४/७. किलोमीटर पूर्णच मोजायचे असतील तर २९ असं आंधळेपणाने वर ढकलत नाही, दोन्ही तपासतो: २८ ला पहिलीचे ९९२, २९ ला १००६. उत्तर लिहायचं ते असं: २८ किलोमीटरपर्यंत पहिली स्वस्त, २९ पासून पुढे दुसरी.