सही जुळत नाही

रविवार, रात्री साडेअकरा

झोप येत नाही, आणि कारण इतकं क्षुल्लक आहे की लिहितानाही लाज वाटते. काल कुलाब्याच्या त्या प्रदर्शनात अभिप्रायाच्या वहीत मी खोटं नाव लिहिलं.

ठरवून नाही. ठरवून लिहिलं असतं तर आत्ता घोरत असतो. वहीशेजारची मुलगी म्हणाली, "सर, नाव आणि नंबर प्लीज," मी पेन उचललं आणि हात आपला आपण चालला. समीर जोशी. पुढे मोबाइल नंबर, शेवटच्या ४ चा ७ केलेला. अभिप्राय: ‘छान.’ माझ्याखाली वासूने लिहिलं. पूर्ण नाव, इमारत, रस्ता, पिनकोडसुद्धा. लिहिता लिहिता त्याने वरची ओळ वाचली असणार. काही बोलला नाही. मुलगी मात्र वहीत डोकावून म्हणाली, "थँक यू समीर सर!"

समीरला मी वीसेक वर्षं भेटलो नव्हतो. मला वाटलं होतं, तो गेला.

प्रदर्शन चांगलं होतं, हे आधी लिहायला हवं होतं. क्वीअर चित्रकारांचं, सगळे तिशीच्या आतबाहेरचे. मे महिन्यात चित्रं विकत घेणारी माणसं थंड हवेला गेलेली असतात, म्हणून असल्या पोरांना भिंती मिळतात असं वासूचं म्हणणं. तिकडचा प्राइडचा महिना जून. आपल्याकडे जूनमध्ये काही मिरवायचं तर छत्री. मुंबईचा मोर्चा म्हणूनच थंडीत, जानेवारी-फेब्रुवारीकडे निघतो. मी एकदाच गेलो. म्हणजे ऑगस्ट क्रांती मैदानाच्या समोरच्या फुटपाथवरून गेलो.

जुन्या शर्टांची शिवलेली एक गोधडी होती. एक व्हिडिओ होता, त्याचा हेडफोन एकाच कानाने चालत होता. पण मी थांबलो एका लहानशा चित्रापाशी. चाळीची गॅलरी, दोरीवर दोन पुरुषी पायजमे वाळत घातलेले, आणि जिथे एकाचं टोक संपून दुसऱ्याचं सुरू होतं तिथे दोघांना मिळून एकच चिमटा. चित्रात माणूस नाही. वासू म्हणाला, "चिमटे कमी पडले असतील." मी हसलो, पण तिथून हलेना.

आमच्या गिरगावात गॅलरी म्हणजे ती गॅलरी. भिंतीवर चित्रं लावायची नव्हे, सगळ्या मजल्याने तुम्हाला बघायची. कोण किती वाजता आलं, कुणाबरोबर आलं, कुणाच्या दोरीवर काय आहे. चित्रकार भूपेन खक्कर आमच्या शेजारच्या खेतवाडीतला, तोही हेच बघत वाढला असणार. त्याचं १९८१ चं ते मोठं चित्र लंडनला टेटमध्ये आहे; मी फक्त छापलेलं पाहिलंय. उघडानागडा माणूस गॅलरीत पाठमोरा उभा, आणि खाली बाप, मुलगा आणि गाढव यांची ती आपल्या सगळ्यांना पाठ असलेली गोष्ट चाललेली. सगळ्यांना खूश करता येत नाही, असं चित्राचं नावच आहे. हा माणूस सीए होता. दिवसा कारखान्याचे हिशेब आणि उरलेल्या वेळात हे. आणि मी, तोही आकड्यांतलाच, एका वहीत ‘छान’ लिहितो आणि तेही दुसऱ्याच्या नावाने.

२००३ च्या ऑगस्टात भूपेन गेला आणि त्याच वर्षी त्याचं मोठं प्रदर्शन इथे एनजीएमएत, म्हणजे सरकारी आधुनिक कलादालनात, लागलं. तिथल्या वहीत समीरच होता. पण तेव्हा समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं ३७७ कलम होतं, आई होती, दोन खोल्या होत्या. तेव्हाच्या समीरला मी कधी नावं ठेवली नाहीत. आता काय आहे? आता कोण वाचणार होतं ती वही?

हेच डोक्यातून जात नाही. कोण वाचणार होतं?

दिवसभर मी लोकांच्या सह्या तपासतो. चेक परत पाठवायच्या कारणांच्या यादीत बारा नंबरला आहे: सही जुळत नाही. परवाच एका म्हातारबाबांचा चेक परत केला, हात थरथरतो म्हणून सही हलली होती. काउंटरवर येऊन म्हणाले, "अहो साहेब, मीच आहे ना हा." मी म्हटलं, "ते ठीक आहे, पण नवा नमुना द्यावा लागेल." केवढ्या तोऱ्यात म्हटलं!

ऑगस्ट २०२४ मध्ये ते परिपत्रक आलं, की समलिंगी जोडीदारांना जॉइंट खातं उघडायला, एकमेकांना नॉमिनी करायला काही आडकाठी नाही. शाखेत ते मीच वाचून दाखवलं. आवाज जराही हलला नाही. कदम म्हणाला, "बरं झालं," आणि पुढचं परिपत्रक मागितलं. इतकंच. एवढ्याशा ‘बरं झालं’साठी मी आधी रात्रभर तयारी केली होती. माझ्या स्वतःच्या खात्याला नॉमिनी अजून ताईचा मुलगा आहे. ते नंतर कधीतरी.

आणि ६ सप्टेंबर २०१८. ३७७ चा निकाल लागला त्या संध्याकाळी वासूने पेढे आणले. शेजारच्या काकूंना मी सांगितलं, प्रमोशनचे. त्यांनी ते नातवाला दिले आणि म्हणाल्या, "काकांसारखा साहेब हो." पुढे खरंच प्रमोशन झालं तेव्हा परत पेढे वाटायची पंचाईत.

हे वरचं लिहिताना एकटाच हसलो.

काल परतीच्या टॅक्सीत वासू बराच वेळ समुद्राकडे बघत होता. मांडव्याहून आलेली लाँच लागत होती, आता पावसाळ्यात बंद होतील. मी आपला मनात खुलासा जुळवत होतो. मग तो म्हणाला, "कसा आहे समीर?"

मी म्हटलं, "म्हातारा झालाय."

"मला आवडायचा तो," वासू म्हणाला. "पहिले तीन आठवडे तोच तर होता. तू नंतर आलास, आणि आल्या आल्या पंख्याच्या स्पीडवरून भांडलास."

हे खरंय. वासूला भेटायची हिंमत समीरची, माझी नव्हे. माझ्या नावाने मी इराण्याकडे चहासुद्धा कुणाबरोबर प्यायलो नसतो. त्याला असं मेलेला समजणं म्हणजे कृतघ्नपणाच झाला. पण म्हणून त्याने न विचारता वहीत सही करावी? करावी कदाचित. मला काय कळतं.

उद्या जाऊन वहीत दुरुस्ती करावी असं दुपारी मनात आलं होतं. वासू म्हणाला, "चेकवर खाडाखोड चालत नाही ना तुमच्याकडे?"

एक गोष्ट मात्र राहिली. त्या नंबरवर आता गॅलरीची आमंत्रणं जाणार. कुणातरी परक्या माणसाला व्हॉट्सअ‍ॅपवर अचानक दोन पायजमे आणि एक चिमटा. म्हणून मघाशी, नऊच्या सुमाराला, शेवटी ७ घालून तो नंबर लावला. एका बाईंनी उचलला. मागे कुकरची शिट्टी झाली.

"हॅलो, कोण बोलतंय?"

मी गप्प. दोन्ही नावं तोंडाशी आली होती.

"कोण हवंय तुम्हाला?"

"सॉरी, रॉंग नंबर."

"अहो, मग लावलात कशाला?" म्हणाल्या आणि ठेवला.