श्री. माणिक

माझ्या नावानं येणाऱ्या निम्म्या पत्रांवर तरी 'श्री.' असतं. एकदा तर मतदार यादीत माझ्या फोटोशेजारी 'पुरुष' छापून आलं. दुरुस्तीला गेले तर खिडकीतल्या माणसानं आधी फोटो बघितला, मग मला बघितलं आणि म्हणाला, "नावच तसंय की ओ तुमचं!"

तसंय खरं. उदगीरच्या शाळेत आमच्या वर्गात तीन माणिक होते. लंबा माणिक, बुटका माणिक आणि मी, पोरगी माणिक. हजेरीत नाव पुकारलं की तिघंही ओ द्यायचे.

आमच्या भागात या नावाचं इतकं पीक का, तर माणिकनगर. हुमनाबादजवळचं माणिक प्रभूंचं स्थान. प्रभू १८१७ चे, १८६५ साली समाधिस्थ झाले. दत्तसंप्रदायातले, पण त्यांच्या दरबारी हिंदू-मुसलमान दोघंही येत आणि पदं मराठी, कानडी, हिंदी अशी सगळ्या भाषांतून. माझं नाव आजोबांनी तिथं केलेल्या नवसाचं. नातू झाला तर माणिक ठेवीन असं बोलले होते, झाली नात. शब्द दिलेला, मग काय करायचं! माणिकनगर कर्नाटकात आहे हे आजोबांना शेवटपर्यंत पटलं नाही. त्यांचंही काही चुकत नव्हतं. १९५६ पर्यंत उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तिन्ही तालुके माणिकनगरच्याच बीदर जिल्ह्यात होते.

"पोराचं नाव ठिवलंय मला," म्हणून मी रडले की आई रेडिओकडं बोट दाखवायची. माणिक वर्मा गात असायच्या. "आगं, त्या बाईच हायेत की!" पुण्याच्या माणिक दादरकर, लग्नानंतर वर्मा. १९७४ साली पद्मश्री मिळालेल्या. भारती आचरेकर आणि वंदना गुप्ते या त्यांच्या मुली, हे मला फार उशिरा कळलं. त्यांचा तो मऊ, ठाय आवाज ऐकला की लंबा आणि बुटका दोघंही माझ्या डोक्यातून जायचे.

पुढं वाचायला लागले तशी गंमत कळत गेली. आपल्याकडच्या मोठ्या माणकांनी हे नाव झाकून ठेवलेलं. कवी ग्रेस म्हणजे माणिक सीताराम गोडघाटे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज म्हणजे अमरावती जिल्ह्यातल्या यावलीच्या इंगळ्यांचा माणिक. गुरू आडकोजी महाराजांनी त्यांना 'तुकड्या' म्हटलं. रत्नाचं नाव टाकून भाकरीच्या तुकड्याचं घेतलं! हा सौदा तोट्याचा झाला असं मला कधीच वाटलं नाही.

बंगालात उलटं. तिथं घरचं लाडाचं नाव माणिक. प्रबोधकुमार बंदोपाध्याय कथा-कादंबऱ्या लिहू लागले ते या घरच्या नावानं, आणि खरं नाव मागं पडलं. सत्यजित राय तर सगळ्यांचे माणिकदाच. आणि त्रिपुरा! तिथले राजेच 'माणिक्य' ही पदवी लावत. राजे गेले तरी नाव गादीवरून हललं नाही. १९९८ पासून वीस वर्षं माणिक सरकार मुख्यमंत्री, २०२२ साली माणिक साहा. उदगीरच्या शाळेत ओ देणारे तिघंच होतो ते बरं.

खडा म्हणाल तर माझ्याकडं एकही नाही. एका ज्योतिषानं सूर्य कमजोर आहे, माणिक घाला असं सांगितलं होतं. सोनारानं भाव सांगितला तेव्हा मी खुर्चीवरून उठलेच. मग कळलं, माणिक आणि नीलम ही दोन्ही एकाच खनिजाची पोरं, कुरुंदाची. त्यात चिमूटभर क्रोमियम आलं की लाल माणिक, लोखंड आणि टायटॅनियम आलं की निळा नीलम. माझ्या मावसबहिणीचं नाव नीलम, आणि तिच्या पत्रावर 'श्री.' कधीच येत नाही. (राष्ट्रपती नीलम संजीव रेड्डी मी तिला ऐकवले, तर म्हणाली ते त्यांचं घराण्याचं नाव. बरोबर होतं.)

परवा फोन आला. "माणिकराव हायेत का?"

आता मी दुरुस्त करत बसत नाही.

"बोलतेय," म्हटलं.

पलीकडं बराच वेळ कुणी काही बोललं नाही.