सोनारानं कान टोचावेत म्हणतात, आम्ही पूरछावणीत टोचले

२०१९ चा ऑगस्ट ज्यांनी कोल्हापुरात काढलाय त्यांना वेगळं काय सांगायचं. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोक्याची ४३, आणि पाणी गेलं ५५ च्या वर. शिरोलीजवळ हायवे बुडालेला, पेट्रोल नाय, दूध नाय, आणि बघंल तिकडं पाणी असून नळाला थेंब नाय, कारण उपसा करणारी यंत्रणाच पाण्यात. माझं ॲक्युपंक्चरचं क्लिनिक शाहूपुरीत, तळमजल्यावर. पाणी चढायला लागलं त्या रात्री मी आणि भावानं टेबल माळ्यावर टाकलं, फाइली अर्ध्या वाचवल्या आणि सुयांची खोकी सॅकमध्ये घालून घरी आणली. १४ खोकी, एकेकात १००. तेवढाच स्टॉक, कारण कुरिअर पण हायवेच्या पलीकडं अडकलेलं.

आमच्या मंडळाची पोरं एका शाळेतल्या छावणीत जेवण वाढायला जायची, मी पण जायचो. तीनशेच्या वर माणसं, बरीचशी चिखली-आंबेवाडीकडची. औषधाच्या टेबलावर तक्रारी सगळ्या सारख्याच, झोप नाय, डोकं ठणकतंय, छातीत धडधड. रात्री हॉलमध्ये बघितलं तर निम्मी माणसं उठून बसलेली. गोठ्यातली दावी कापून जनावरं सोडून आलेली माणसं ती, झोप कुठनं येणार. तेव्हा डोक्यात आलं की आपल्याला नाडा येतंय की.

नाडा म्हंजे पायजम्याचा नव्हे, नावावर माझे मित्र अजून हसतात. ही कानाची ॲक्युपंक्चर पद्धत. न्यूयॉर्कमधल्या साउथ ब्राँक्सच्या लिंकन हॉस्पिटलात १९७० च्या दशकात व्यसन सोडवायला आलेल्या लोकांवर ती सुरू झाली, पुढं २००१ च्या हल्ल्यानंतर न्यूयॉर्कमध्ये आणि २००५ च्या कॅटरिना वादळानंतर न्यू ऑर्लिन्समध्ये वापरली. प्रत्येक कानात पाचच जागा, त्यांची नावं सिम्पथेटिक, शेन मेन, किडनी, लिव्हर, लंग. कपडे काढायला नकोत, आडवं व्हायला नको, खुर्च्या गोल मांडायच्या, सुया लावायच्या आणि अर्धा-पाऊण तास गप्प बसायचं. आणि मुख्य म्हंजे काय झालं ते सांगायला लागत नाय. छावणीत 'काय काय वाहून गेलं सांगा' असं विचारणारे दिवसाला दहा यायचे, नुसतं शांत बसू देणारं कोण नव्हतं.

परवानगीसाठी दोन चकरा झाल्या. तिथल्या डॉक्टर मॅडम आधी वैतागल्याच, 'इथं मला डॉक्सीच्या गोळ्या पुरेनात आणि तुम्ही सुया घेऊन आलाय'. बरोबरच होतं त्यांचं, पुराच्या पाण्यात फिरलेल्या माणसाला लेप्टोची, म्हंजे घाण पाण्यातनं होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस तापाची भीती पहिली, आणि डॉक्सी (डॉक्सीसायक्लिन) तो टाळायलाच देतात. दुसऱ्या दिवशी अटी घालून हो म्हणाल्या. आधी डॉक्सी मग सुया, गरोदर बाई नको, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असलेला नको, ताप असलेला थेट त्यांच्याकडं, आणि वापरलेल्या सुया भोक न पडणाऱ्या पांढऱ्या डब्यातच. मी म्हटलं शंभर टक्के.

पहिल्या दिवशी संध्याकाळी आठ खुर्च्या मांडून बसलो तर कोण येईना. लांबून बघायचे आणि इंजेक्शनवाला आलाय म्हणून पोरांना आत न्यायचे. शेवटी एक आजी आली, दोन्ही कानांत बुगडीची भोकं. 'सोनारानं टोचलं तवा रडले न्हाई, तुझ्या ह्या केसाएवढ्या सुईला काय भ्यायचं, लाव.' लावल्या. दहा मिनिटांत आजी बसल्या जागी घोरायला लागली. झालं, ते घोरणं हीच आमची जाहिरात.

मग गर्दी आणि गणित. माणशी १० सुया म्हंजे १४०० मध्ये १४० माणसं, ती पण एकदाच. म्हणून ठरवलं एकाच कानात लावायच्या, पाच, मग २८० वेळा जमतंय. शिकवतात दोन्ही कानांत, पण शिकवताना हायवे चालू असतोय. एका बॅचला बारा माणसं, आधी हात आणि कान स्पिरिटनं पुसायचे, भावाच्या हातात वही. त्याचं काम एकच, किती लावल्या आणि किती काढल्या. लोकांना वाटतं टोचायला कौशल्य लागतंय, पण खरं टेन्शन सुया मोजायचं. १३ मिलिमीटरची सुई कानातनं गळून सतरंजीत पडली तर रात्री त्यावर लेकरू झोपणार. एकदा ६० लावल्या आणि ५९ निघाल्या. सगळ्या सतरंज्या झटकल्या, बॅटरी मारून फरशी बघितली, मला घाम. शेवटी सुई सापडली एका काकांच्या कानात, ते काढायच्या आधीच उठून टँकरच्या लायनीत जाऊन उभं राहिलेले, घागर घेऊन.

एक तरणा पोरगा चक्कर येऊन खुर्चीतनं घसरला. चूक माझीच, सकाळपासनं पोटात काय नव्हतं त्याच्या आणि मी विचारलं नाय. सुया काढल्या, आडवा केला, पाय वर, साखरपाणी, पाच मिनिटांत ठीक. त्यानंतर 'जेवलास काय' हा पहिला प्रश्न.

फरक पडला काय? बऱ्याच जणांनी झोप लागली म्हणून सांगितलं, काहींना ढिम्म. मी स्वतः ह्या धंद्यातला असून सांगतो, कोकेनच्या व्यसनावर अमेरिकेत ६२० लोकांवर चाचणी झाली, २००२ ला निकाल आला, त्यात ह्या कानाच्या सुया आणि चुकीच्या जागी मुद्दाम लावलेल्या सुया ह्यात फरक निघाला नव्हता. त्यामुळं झोप सुयांनी आली का अर्धा तास कोणी न बोलता शेजारी बसल्यानं, ह्यावर मी भांडणार नाय. ताप-जुलाब-जखमेला मात्र सुई नाही म्हंजे नाही. एक साहेब बॅनर घेऊन आले, सुया लावलेल्या बायकांबरोबर फोटो पाहिजे म्हणाले. त्यांना मी म्हटलं बसा, तुम्हाला पण लावतो. गेले.

राखीपौर्णिमा आणि १५ ऑगस्ट त्या वर्षी एकाच दिवशी होते, त्याच संध्याकाळी शेवटचं खोकं संपलं. पाणी पण उतरलेलं, माणसं चिखल काढायला घरी निघाली. मी पण माझ्या क्लिनिकमधला गाळ काढायला गेलो, त्याचं सांगत बसलो तर वेगळी पोस्ट होईल.

मग २०२१ चा जुलै, परत तेच पाणी, ह्या वेळी वर कोरोना. बारा माणसं गोलात बसवायचा प्रश्नच नव्हता. म्हणून सुयांऐवजी मेथीचे दाणे कागदी टेपवर चिकटवून नेले, कानाला लावायचे आणि दिवसातनं तीन-चार वेळा आपलं आपण दाबायचे. छावणी वेगळी होती पण बुगडीवाली आजी तिथं पण भेटली, मास्क हनुवटीला. कानाला दाणा लावून घेतला, बोटानं चाचपून बघितला आणि म्हणाली, 'सगळी मेथी कानालाच लावतोस, का उगवाय टाकलीस काय थोडी? आमची तर भाजी गेली सगळी.'